फवारणीच्या विषामागचे रसायन : रेणूंचे कक्षक काढायला आणि वाचायला शिकताना

यवतमाळ, खास प्रतिनिधी

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यातील कपाशीच्या शेतांत फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. शेकडो जणांना येथील वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखल व्हावे लागले. त्यानंतर चौकशा झाल्या, विशेष तपास पथक नेमले गेले, काही कीटकनाशकांच्या विक्रीवर तात्पुरती बंदीही आली. मात्र हे विष शरीरात नेमके काय करते आणि त्यावरील एक महत्त्वाचा उतारा काही तासांतच निष्प्रभ का होऊ लागतो, या प्रश्नांचे उत्तर वर्तमानपत्राच्या बातमीत सापडत नाही. ते सापडते बी.एस्सी.च्या सेंद्रिय रसायनशास्त्रातील एका प्रकरणात. विद्यार्थी ज्याला 'मॉलिक्युलर ऑर्बिटल' म्हणून ओळखतात आणि परीक्षेपुरते पाठ करून विसरतात, ते हे प्रकरण होय. मराठीत त्याला 'रेणूंचे कक्षक' म्हणता येईल. हे कक्षक कागदावर कसे काढावेत आणि काढल्यावर कसे वाचावेत, याची ही तोंडओळख.

कक्षक म्हणजे काय?

शाळेत आपण अणूचे चित्र सूर्यमालेसारखे काढतो. मध्ये केंद्रक आणि भोवती ठरलेल्या कक्षेत फिरणारे इलेक्ट्रॉन. महाविद्यालयात गेल्यावर हे चित्र मोडावे लागते. इलेक्ट्रॉन तरंगासारखा वागतो आणि तो कोठे सापडण्याची शक्यता किती, एवढेच सांगता येते. ही शक्यता ज्या तरंगावरून काढली जाते, तो तरंग म्हणजे कक्षक. एका कक्षकात जास्तीत जास्त दोन इलेक्ट्रॉन राहू शकतात.

अणू एकत्र येऊन रेणू तयार होतो, तेव्हा अणूंचे कक्षक एकमेकांत मिसळतात आणि साऱ्या रेणूवर पसरलेले नवे कक्षक तयार होतात. हा विचार फ्रीडरिख हुंड आणि रॉबर्ट मलिकन यांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीस मांडला. 'ऑर्बिटल' हा शब्द मलिकन यांनीच १९३२ मध्ये रूढ केला आणि या कामासाठी त्यांना १९६६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. जर्मनीच्या एरिक ह्युकेल यांनी १९३१ मध्ये बेंझीनसारख्या रेणूंसाठी हे गणित इतके सोपे करून दाखविले, की ते आजही विद्यार्थ्याला वहीच्या एका पानावर करता येते.

येथे पहिला नियम लक्षात ठेवावा. जितके अणुकक्षक मिसळले, तितकेच रेणूचे कक्षक तयार होतात. दोन घातले तर दोनच निघतील, चार घातले तर चार. चित्र पूर्ण झाल्यावर हा हिशेब जुळला नाही, तर कोठेतरी चूक झाली आहे असे खुशाल समजावे.

पहिले चित्र : एथिलीन

सुरुवात एथिलीनपासून करावी. फळे पिकविणारा हा वायू आपल्या परिचयाचा आहे. वनस्पती तो स्वतःच तयार करतात आणि कपाशीचे बोंड उकलण्यातही त्याचा वाटा असतो. त्याच्या रेणूत दोन कार्बन दुहेरी बंधाने जोडलेले असतात. त्यांपैकी एक बंध 'सिग्मा', म्हणजे दोन्ही अणूंना जोडणाऱ्या रेषेवरचा. दुसरा 'पाय', म्हणजे त्या रेषेच्या वर आणि खाली पसरलेला. बहुतेक रसायन या दुसऱ्या बंधात घडते.

प्रत्येक कार्बनवर एक 'पी' कक्षक काढावा. तो डमरूसारखा दिसतो. एक फुगा वर, एक खाली. दोन्ही फुग्यांत तरंगाचे चिन्ह विरुद्ध असते, म्हणून एक फुगा पेन्सिलीने भरावा आणि दुसरा कोरा ठेवावा. आता दोन डमरू शेजारी ठेवण्याच्या दोनच रीती आहेत. दोन्हींचे भरलेले फुगे वर असतील, तर तरंग एकमेकांत मिळून जातात, मधल्या जागेत इलेक्ट्रॉन सापडण्याची शक्यता वाढते आणि अणू बांधले जातात. हा बंधकारक कक्षक. एकाचा भरलेला फुगा वर आणि दुसऱ्याचा खाली असेल, तर मध्यभागी तरंग एकमेकांना खोडून काढतात. तेथे इलेक्ट्रॉन सापडतच नाही. या जागेला निस्पंद म्हणतात आणि या कक्षकाला बंधविरोधी.

बंधकारक कक्षक ऊर्जेच्या पट्टीवर खाली काढावा, बंधविरोधी वर. एथिलीनच्या पाय बंधात दोन इलेक्ट्रॉन आहेत. दोन्ही खालच्या कक्षकात बसतात, वरचा रिकामा राहतो. आपले पहिले चित्र पूर्ण झाले. दोन कक्षक, दोन इलेक्ट्रॉन, एक निस्पंद.

एकतारीची तार

यापुढचा रेणू ब्युटाडाईन. चार कार्बन एका रांगेत, त्यावर चार 'पी' कक्षक आणि चार इलेक्ट्रॉन. म्हणजे रेणूचे कक्षकही चारच. प्रश्न असा, की कोणत्या कार्बनवर किती मोठा फुगा काढायचा?

यासाठी एकतारीची तार डोळ्यांसमोर आणावी. तार छेडली की ती पहिल्या प्रकारात अखंड एका कमानीत कंप पावते. त्याहून वरच्या सुरात मध्यभागी एक निस्पंद बिंदू येतो, आणखी वरच्या सुरात दोन, मग तीन. रेणूचे कक्षकही तसेच. सर्वांत खालच्या कक्षकात एकही निस्पंद नाही, त्यावरच्यात एक, त्यावर दोन, सर्वांत वर तीन. तार रेणूच्या दोन्ही टोकांपलीकडे एकेक बंधाइतकी लांब आहे असे मानून कमान काढावी आणि प्रत्येक कार्बनच्या जागी कमानीची उंची मोजावी. तेवढा मोठा फुगा. कमान रेषेखाली गेली की चिन्ह उलटे, म्हणजे भरलेला फुगा खाली.

असे केले, की सर्वांत खालच्या कक्षकात टोकाच्या कार्बनवरील फुगे लहान आणि मधले मोठे येतात. गणिताने हे आकडे अनुक्रमे ०.३७, ०.६०, ०.६० आणि ०.३७ असे आहेत. दुसऱ्या कक्षकात उलट घडते. टोकांना ०.६०, मध्ये ०.३७, आणि चिन्ह मध्यावर बदलते. चारपैकी दोन इलेक्ट्रॉन पहिल्यात, दोन दुसऱ्यात. म्हणजे भरलेल्या कक्षकांपैकी सर्वांत वरचा हा दुसरा. त्यातील इलेक्ट्रॉन टोकाच्या कार्बनवर अधिक सापडतात, आणि ब्युटाडाईनच्या अनेक अभिक्रिया टोकाशीच का होतात याचे उत्तर येथे मिळते. चित्र काढणे संपून चित्र वाचणे सुरू होते ते या क्षणी.

षटकोन टोकावर उभा करा

बेंझीनमध्ये सहा कार्बन वर्तुळात आहेत. येथे एकतारी चालत नाही, कारण तारेला टोकेच नाहीत. त्याऐवजी ऑर्थर फ्रॉस्ट आणि बोरिस मुसुलिन यांनी १९५३ मध्ये सुचविलेली युक्ती वापरावी. एक वर्तुळ काढून त्यात षटकोन असा बसवावा, की त्याचे एक टोक नेमके खाली येईल. षटकोन जेथे जेथे वर्तुळाला टेकतो, त्या उंचीवर एकेक कक्षक. खाली एक, त्यावर समान उंचीचे दोन, मग आणखी दोन आणि शेवटी वर एक. सहा इलेक्ट्रॉन खालच्या तिन्ही कक्षकांत नेमके भरतात, वरचे तीन रिकामे राहतात. बेंझीनच्या स्थैर्याचे रहस्य हेच.

तीच युक्ती चौकोनाला लावून पाहावी. सायक्लोब्युटाडाईनमध्ये खाली एक कक्षक, मध्यावर दोन आणि वर एक येतो. चार इलेक्ट्रॉनांपैकी दोन खाली बसतात आणि उरलेले दोन मधल्या दोन कक्षकांत एकेकटे. असा रेणू स्थिर राहत नाही आणि प्रत्यक्षातही राहत नाही. बेंझीनला फळणारे वर्तुळ याला का मानवत नाही, हे एका चित्रात कळते.

हळदीचा डाग आणि पळसाचे फूल

कक्षकांच्या चित्रावरून रंगही वाचता येतो. भरलेल्या सर्वांत वरच्या कक्षकाला विद्यार्थी 'होमो' म्हणतात आणि रिकाम्या सर्वांत खालच्या कक्षकाला 'लुमो'. या दोहोंतील अंतराएवढी ऊर्जा प्रकाशातून मिळाली, की इलेक्ट्रॉन वर उडी घेतो आणि तेवढा प्रकाश शोषला जातो. अंतर मोठे असेल तर अतिनील प्रकाश लागतो, तो डोळ्यांना दिसत नाही, म्हणून पदार्थ रंगहीन दिसतो.

दुहेरी आणि एकेरी बंधांची साखळी जसजशी लांबते, तसतसे हे अंतर घटते. एथिलीन सुमारे १७० नॅनोमीटरचा प्रकाश शोषतो, ब्युटाडाईन २१७, तीन दुहेरी बंधांचा हेक्साट्राईन २५८ च्या आसपास. गाजरातील बीटा-कॅरोटीनमध्ये असे अकरा दुहेरी बंध सलग असतात आणि तो सुमारे ४५० नॅनोमीटरचा निळा प्रकाश शोषतो, म्हणून नारिंगी दिसतो. कापसाचा धागा म्हणजे सेल्युलोज. त्यात दुहेरी बंधांची साखळीच नाही, म्हणून तो पांढरा. त्याच झाडाच्या सरकीतील गॉसिपॉल मात्र पिवळे, कारण त्यात अशी साखळी आहे.

हळदीचा डाग साबण लावताच लाल होतो, हे प्रत्येक घराला ठाऊक आहे. हळदीतील कर्क्युमिन सुमारे ४२५ नॅनोमीटरचा प्रकाश शोषते. साबणातील अल्कलीमुळे त्याचा एक हायड्रोजन निघून जातो आणि ऑक्सिजनवर ऋण भार येतो. त्यामुळे 'होमो' वर सरकतो, 'लुमो'पर्यंतचे अंतर कमी होते आणि शोषला जाणारा प्रकाश लांब तरंगलांबीकडे सरकतो. पळसाच्या फुलांतील ब्युटीन या रंगद्रव्याचा केशरी रंगही अशाच साखळीचा. फाल्गुनात या जिल्ह्यातील रानात पेटल्यासारखा दिसणारा पळस, वहीवरच्या भाषेत, दोन कक्षकांमधील अंतर आहे.

दोन रेणू भेटतात तेव्हा

जपानच्या केनिची फुकुई यांनी १९५२ मध्ये असे मांडले, की दोन रेणूंची अभिक्रिया होते तेव्हा मुख्यतः एकाचा 'होमो' आणि दुसऱ्याचा 'लुमो' यांचा मेळ बसतो की नाही हेच पाहावे. एक देणारा, दुसरा घेणारा. १९६५ मध्ये रॉबर्ट वुडवर्ड आणि रोआल्ड हॉफमन यांनी कक्षकांच्या चिन्हांवरून अभिक्रियांचे नियम घालून दिले. फुकुई आणि हॉफमन यांना १९८१ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

उदाहरण म्हणून ब्युटाडाईनचा 'होमो' आणि एथिलीनचा 'लुमो' शेजारी काढावेत. ब्युटाडाईनच्या दोन्ही टोकांना एकाच बाजूला विरुद्ध चिन्हे आहेत, एथिलीनच्या 'लुमो'तही तसेच. दोन्ही टोके एकाच वेळी जुळतात आणि सहा कार्बनांचे कडे तयार होते. १९२८ मध्ये ओटो डील्स आणि कुर्ट आल्डर यांनी प्रसिद्ध केलेली ही अभिक्रिया. याउलट दोन एथिलीन समोरासमोर आणले, तर एका टोकाला चिन्हे जुळतात आणि दुसऱ्या टोकाला विरोध होतो, म्हणून नुसत्या उष्णतेने ते सहज जुळत नाहीत. ही गोष्ट कपाशीच्या शेतापासून दूरची नाही. एकेकाळी कपाशीवर मोठ्या प्रमाणात फवारले जाणारे आणि सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये बंदी घातलेले एंडोसल्फान याच अभिक्रियेच्या पायावर तयार केले जाते.

विकर, विष आणि फॉस्फरस

आता मूळ प्रश्नाकडे वळू. मज्जातंतूंकडून स्नायूंना आणि ग्रंथींना संदेश पोहोचविण्याचे काम ॲसिटिलकोलीन हा रेणू करतो. संदेश पोहोचला की तो लगेच नष्ट व्हावा लागतो. हे काम ॲसिटिलकोलिनएस्टरेज या विकराचे. त्याचा एक रेणू सेकंदाला हजारो ॲसिटिलकोलीन फोडतो.

ते कसे घडते हे कक्षकांनी वाचता येते. ॲसिटिलकोलीनमध्ये कार्बन आणि ऑक्सिजन यांचा दुहेरी बंध आहे. ऑक्सिजन इलेक्ट्रॉन अधिक ओढतो, म्हणून बंधकारक कक्षकाचा मोठा फुगा ऑक्सिजनवर आणि बंधविरोधी कक्षकाचा मोठा फुगा कार्बनवर काढावा. हा रिकामा बंधविरोधी कक्षक म्हणजेच 'लुमो'. विकरातील सेरीन या घटकाच्या ऑक्सिजनवर बंधात न गुंतलेली इलेक्ट्रॉनांची जोडी असते. ती या मोठ्या फुग्याकडे, म्हणजे कार्बनकडे जाते. ती काटकोनातून न येता सुमारे १०७ अंशांच्या कोनातून येते, कारण बंधविरोधी कक्षकाचे फुगे ऑक्सिजनपासून दूर, बाहेरच्या बाजूला कललेले असतात. बुर्गी आणि ड्युनिट्झ यांनी १९७० च्या दशकात स्फटिकांच्या रचनांवरून हा कोन दाखवून दिला. ॲसिटिलकोलीन फुटते, सेरीनला चिकटलेला तुकडा पाणी लगेच सोडविते आणि विकर पुन्हा कामाला लागते.

मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस यांसारखी ऑर्गनोफॉस्फेट वर्गातील कीटकनाशके याच जागी घुसतात. त्यांच्या मध्यभागी फॉस्फरस असतो आणि त्याला सहज सुटणारा एक गट जोडलेला असतो. फॉस्फरस आणि हा गट यांच्यातील बंधाचा बंधविरोधी सिग्मा कक्षक काढून पाहावा. फॉस्फरस इलेक्ट्रॉन कमी ओढतो, म्हणून मोठा फुगा त्याच्यावर येतो, आणि तोही सुटणाऱ्या गटाच्या नेमक्या विरुद्ध बाजूला. सेरीनचा ऑक्सिजन त्या बाजूने येतो, समोरचा गट सुटून जातो आणि सेरीन व फॉस्फरस यांचा बंध पक्का होतो.

येथपर्यंतची गोष्ट ॲसिटिलकोलीनसारखीच आहे. फरक पुढे पडतो. हा बंध सोडवायचा, तर पाण्याला सेरीनच्या विरुद्ध बाजूने यावे लागते. पाण्याला सक्रिय करणारा विकरातील हिस्टिडीन हा घटक त्या बाजूला नसतो. शिवाय फॉस्फरसभोवतीचे ऑक्सिजन आपले इलेक्ट्रॉन त्याच्याकडे झुकवितात आणि 'लुमो' वर उचलला जातो. म्हणून पाणी जे काम एरवी क्षणार्धात करते, त्याला आता तासच्या तास, काही वेळा दिवस लागतात. विकर अडकून पडते, ॲसिटिलकोलीन साचत जाते. घाम आणि लाळ आवरत नाही, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, स्नायू फडफडतात आणि अखेर श्वास अडतो.

क्लोरपायरीफॉस, क्विनॉलफॉस यांसारख्या काही कीटकनाशकांत फॉस्फरसला दुहेरी बंधाने ऑक्सिजनऐवजी गंधक जोडलेले असते. गंधक इलेक्ट्रॉन कमी ओढते, त्यामुळे फॉस्फरस कमी आक्रमक राहतो. मात्र यकृत हे गंधक काढून तेथे ऑक्सिजन बसविते आणि विष जागे होते. अशा विषबाधेत लक्षणे काही वेळा उशिरा दिसण्यामागे हेही एक कारण आहे. मोनोक्रोटोफॉसमध्ये ऑक्सिजन मुळातच असतो. २०१३ मध्ये बिहारमधील सारण जिल्ह्यात शालेय माध्यान्ह भोजनातून हेच कीटकनाशक पोटात जाऊन २३ मुलांचा बळी गेला होता.

उतारा आणि घड्याळ

या विषबाधेवर मुख्य औषध ॲट्रोपिन. ते विकराला हात लावत नाही; साचलेल्या ॲसिटिलकोलीनचा परिणाम ते अनेक अवयवांत रोखून धरते. दुसरे औषध प्रॅलिडॉक्झाईम, रुग्णालयाच्या भाषेत 'पॅम'. आयर्विन विल्सन आणि सारा गिन्सबर्ग यांनी १९५५ मध्ये ते पुढे आणले. त्याची रचना कक्षकांनी वाचण्याजोगी आहे. त्यात नायट्रोजनला लागूनच एक ऑक्सिजन असतो. दोघांवरही बंधात न गुंतलेल्या इलेक्ट्रॉनांच्या जोड्या आहेत. शेजारच्या दोन भरलेल्या कक्षकांचे मिश्रण झाले, की एक खाली जातो आणि एक वर उचलला जातो. वर उचललेला हा 'होमो' फॉस्फरसच्या 'लुमो'च्या जवळ येतो, असे त्याचे प्रचलित स्पष्टीकरण आहे. शिवाय औषधाच्या रेणूवर धन भार असल्याने ते विकरातील कोलीनच्या जागेत नेमके बसते. पाण्याला न जमलेले काम ते करते आणि विकर मोकळे होते.

पण त्याला मुदत असते. फॉस्फरसला जोडलेला एक लहान गट कालांतराने गळून पडतो आणि तेथील ऑक्सिजनवर ऋण भार येतो. या भारामुळे 'लुमो' आणखी वर जातो आणि ऋण भार असलेले औषधाचे टोकही दूर लोटले जाते. याला 'एजिंग' म्हणतात. मराठीत विष मुरणे म्हटले तरी चालेल. मुरलेल्या विकराला कोणतेही उपलब्ध औषध मोकळे करू शकत नाही. शरीराला नवे विकरच तयार करावे लागते.

मुरण्याचा वेग विषाच्या रचनेवर ठरतो. मोनोक्रोटोफॉससारख्या, मिथिल गट असलेल्या विषांनी अडविलेले निम्मे विकर सुमारे ३.७ तासांत मुरते. क्लोरपायरीफॉससारख्या, इथिल गट असलेल्या विषांत त्याच गोष्टीला सुमारे ३३ तास लागतात. पहिल्या हिशेबाने १५ तासांत जवळजवळ ९४ टक्के विकर हातचे गेलेले असते. सायंकाळी फवारणी आटोपून घरी आलेल्या माणसाला गरगरू लागले, रात्र घरीच काढली आणि सकाळी गाडीची सोय पाहून झरी जामणी किंवा घाटंजी तालुक्यातील खेड्यातून यवतमाळ गाठले, की हा सारा अवधी सरलेला असतो.

या औषधाचा प्रत्यक्ष लाभ किती, याविषयी वैद्यकशास्त्रात एकमत नाही. बारामती येथे २०० रुग्णांवर झालेल्या आणि २००६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, 'पॅम' सतत आणि मोठ्या मात्रेत दिल्यास मृत्यू कमी होतात असे आढळले. श्रीलंकेतील, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मात्र तसा लाभ दिसला नाही. औषधाचा निर्णय डॉक्टरांचाच. शिवाय २०१७ मध्ये संशयाखाली आलेली सर्वच रसायने ऑर्गनोफॉस्फेट नव्हती. डायफेन्थियुरॉनसारख्या वेगळ्या वर्गातील रसायनाला हा उतारा लागूच पडत नाही. म्हणून फवारणीनंतर त्रास जाणवताच कपडे काढून साबण-पाण्याने अंग धुणे, वेळ न दवडता रुग्णालय गाठणे आणि कीटकनाशकाचा डबा किंवा त्यावरील माहितीपत्रक सोबत नेणे, हे तीन उपाय कोणत्याही औषधाइतकेच मोलाचे आहेत.

विद्यार्थ्यांच्या नेहमीच्या चुका

फुग्यातील अधिक-उणे चिन्हे म्हणजे विद्युतभार, ही सर्वांत सामान्य चूक. ती तरंगाची चिन्हे आहेत. भरलेला फुगा आणि कोरा फुगा यांत इलेक्ट्रॉन सापडण्याची शक्यता सारखीच असते. चिन्हे गोंधळात टाकत असतील तर दोन रंगांच्या पेन्सिली वापराव्यात.

दुसरी चूक, दोन फुग्यांत दोन इलेक्ट्रॉन वाटून देणे. 'पी' कक्षकाचे दोन्ही फुगे मिळून एकच कक्षक होतो आणि त्यातील प्रत्येक इलेक्ट्रॉन दोन्हींत पसरलेला असतो.

तिसरी, सर्व फुगे सारख्याच आकाराचे काढणे. ब्युटाडाईनचे टोक असो, कार्बोनिलचा कार्बन असो की विषातील फॉस्फरस असो, सारा अर्थ फुग्यांच्या लहानमोठेपणात आहे. एक सूत्र पाठ असावे. बंधकारक कक्षक अधिक ओढणाऱ्या अणूवर मोठा, बंधविरोधी कमी ओढणाऱ्यावर मोठा.

चौथी, बंधविरोधी कक्षक रिकामा म्हणून बिनकामाचा समजणे. वर पाहिलेल्या प्रत्येक हल्ल्याचे लक्ष्य हाच रिकामा कक्षक होता.

सराव कसा करावा?

यवतमाळ जिल्ह्यातील महाविद्यालये संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाशी संलग्न आहेत. येथील बी.एस्सी.च्या विद्यार्थ्याला पुढे एम.एस्सी., 'नेट' किंवा 'गेट' द्यायची असेल, तर हे प्रकरण टाळता येत नाही. सरावाचा क्रम असा ठेवावा. आधी एथिलीन, मग तीन कार्बनांचा ॲलिल, ब्युटाडाईन आणि बेंझीन. त्यानंतर कार्बोनिल आणि शेवटी सिग्मा बंधांचे बंधविरोधी कक्षक. प्रत्येक वेळी चार प्रश्न स्वतःला विचारावेत. कक्षकांची संख्या जुळते का? निस्पंद किती? इलेक्ट्रॉन कोठपर्यंत भरले? 'होमो' आणि 'लुमो' कोणत्या अणूवर सर्वांत मोठे?

हाताने चित्र काढून झाल्यावरच संगणकाकडे वळावे. 'ॲव्होगाड्रो'सारखे विनामूल्य सॉफ्टवेअर साध्या संगणकावरही चालते आणि गणनेतून आलेले कक्षक त्यात फिरवून पाहता येतात. आधी संगणक आणि मग वही, असा उलटा क्रम धरला तर चित्र दिसते, पण उमजत नाही.

या क्षेत्रात महाराष्ट्राचे काम मोलाचे आहे. अकोला जिल्ह्यात जन्मलेले डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या 'सी-डॅक'ने १९९१ मध्ये 'परम ८०००' हा महासंगणक सिद्ध केला. तेव्हाच्या पुणे विद्यापीठातील प्रा. श्रीधर गद्रे यांनी रेणूभोवतीच्या विद्युतविभवाचा नकाशा काढून त्याचे वाचन करण्याची पद्धत विकसित केली आणि मोठ्या रेणूचे तुकडे करून गणना करण्याचा मार्ग दाखविला. त्यांना १९९३ चा शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला.

चित्राची मर्यादा

गद्रे यांच्या कामाचा उल्लेख येथे आणखी एका कारणासाठी. कक्षकांचे चित्र म्हणजे संपूर्ण सत्य नव्हे. रेणू एकमेकांकडे ओढले जातात ते कक्षकांच्या मेळामुळे, तसेच साध्या विद्युतभारामुळेही. फॉस्फरसवर हल्ला होतो त्यात त्याच्यावरील धन भाराचा वाटा मोठा आहे. कक्षक आणि भार यांचे दोन नकाशे शेजारी ठेवूनच रेणू वाचावा लागतो. शिवाय कक्षक ही मोजपट्टीने मोजण्याची वस्तू नसून गणिताने उभे केलेले चित्र आहे. त्याची किंमत ते किती भाकिते अचूक करते यावर ठरते.

केंद्र सरकारने २०२३ मध्ये मोनोक्रोटोफॉसच्या ३६ टक्के द्रावणाबाबत आदेश काढून ते टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा मार्ग धरला. तथापि एक रसायन गेले की त्या जागी दुसरे येते आणि प्रत्येक नव्या डब्यावर एक नवे, लांबलचक नाव छापलेले असते. त्या नावामागची रचना वहीत काढून, कोणता गट सुटेल, हल्ला कोठून होईल आणि उताऱ्याला वेळ किती मिळेल, हे सांगू शकणारे विद्यार्थी या जिल्ह्यात तयार झाले, तर त्यांतील कोणी शिक्षक होईल, कोणी कृषी सेवा केंद्र चालवील, कोणी वैद्यकीय प्रयोगशाळेत बसेल. दोन डमरू शेजारी ठेवून सुरू झालेला धडा मग परीक्षेच्या पलीकडे, बांधापर्यंत पोहोचेल.